सात हजार पायऱ्यांचा डोंगर

संगणकावरील खेळ हा आपल्या घरांत बहुधा ओरडण्याचाच विषय असतो. ‘अभ्यास कधी करणार?’, ‘डोळे बिघडतील’, ‘नमाजची वेळ झाली, उठ आता’, ही वाक्ये कुठल्या घरात ऐकू येत नाहीत? मूल पडद्यावरच्या ज्या मुलखात तासन्‌तास फिरत असते, तो मुलूख केवढा आहे, तिथे एका गावाहून दुसऱ्या गावी जायला किती वेळ लागतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. या लेखात आपण त्याच मुलखाची सफर करू या, आणि जाताना अंतरांचा हिशेबही ठेवू या.

मुलुखाचे नाव स्कायरिम. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढलेल्या खेळाचे हेच नाव. उत्तरेकडचा थंड, डोंगराळ देश, त्याचे नऊ सुभे, प्रत्येक सुभ्याचा सरदार, डोक्यावरून जाणारे अजस्र ड्रॅगन. सफरीची सुरुवात रिव्हरवुड नावाच्या खेड्यातून होते. लोहाराची भट्टी, लाकूड कापायची गिरणी, कोंबड्या, एक दुकान. पूल ओलांडला की रस्ता नदीच्या कडेने उतरू लागतो. शेजारी पाणी धबधब्यांतून फेसाळत असते. दोन वळणे घेतली की समोर उघडे माळरान येते आणि त्याच्या मध्यभागी टेकडीवर व्हाइटरन शहर दिसते. वर सरदाराचा लाकडी वाडा, खाली तटबंदी, तटाबाहेर शेते आणि पवनचक्की. दृश्य खरोखर सुंदर आहे. खेड्यातून वेशीपर्यंत पोहोचायला धावत गेल्यास काही मिनिटे पुरतात.

व्हाइटरन हे देशाच्या मध्यावरचे शहर, व्यापाराचे नाके. खेळातले लोक त्याचा उल्लेख मोठ्या अदबीने करतात. पण आत शिरून माणसे मोजली तर पहारेकरी सोडून शंभरही भरत नाहीत. एवढ्या वस्तीला आपल्याकडे वाडी म्हणतात. बाहेरची शेते तीन. खऱ्या शहराला धान्य पुरवायला पंचक्रोशीतली कित्येक गावे राबावी लागतात. इथे सारा कारभार कोबीच्या चार वाफ्यांवर चालतो.

पुढे पूर्वेला आयव्हरस्टेड हे डोंगराच्या पायथ्याचे गाव लागते. इथून शिखरावरच्या मठाकडे वाट चढते. तिचे नाव ‘सात हजार पायऱ्या’. वाटेत कोरीव शिळा आहेत, बर्फ आहे, अंगावर येणारे एक जनावरही आहे. हौशी खेळाडूंनी या पायऱ्या खरोखर मोजल्या. त्या हजारही भरत नाहीत.

आता साऱ्या देशाचे माप घेऊ. नकाशा सुमारे सात किलोमीटर लांब आणि साडेपाच किलोमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ ३७ चौरस किलोमीटरच्या आसपास. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे मुंबई शहर साधारण ६७ चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे नऊ सुभे, त्यांची शहरे, पर्वत, नद्या आणि यादवी युद्ध असा सारा संसार निम्म्या मुंबईत मावतो! आपला चाकरमानी सकाळची लोकल पकडून ऑफिसला पोहोचेपर्यंत असा एक देश सहज ओलांडतो.

मग खेळणाऱ्याला हे खटकत कसे नाही? याचे कारण घड्याळात आहे. स्कायरिमचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या वीसपट वेगाने पळते. तिथला पूर्ण दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो. सकाळी निघालेला मुसाफिर पुढच्या शहराच्या वेशीशी येतो तेव्हा सूर्य कललेला असतो. पाय थोडेच चालले, पण दिवस सरला, म्हणून मनाला वाटते की मजल मारली. जमीन आणि वेळ दोन्ही एकदम आखडली की फसगत लक्षात येत नाही. तरीही हिशेब पुरता जुळत नाही. पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत अर्ध्या-पाऊण तासात धावत जाता येते. वीसने गुणले तरी दहा-पंधरा तासच झाले. नऊ सुभ्यांचा देश एका दिवसात पार!

अंतर दिवसांनी मोजण्याची ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही. प्रवासात नमाज कसर कधी करायची, याचा विचार करताना हनफी फिक्हमध्ये तीन दिवसांच्या चालीचे माप येते, तर कोकणातील शाफई घराण्यांत दोन मंजिलांचे. आज आपण ते किलोमीटरमध्ये सांगतो, पण मूळ माप माणसाच्या पायांचे आणि उंटाच्या चालीचे आहे. एका दिवसात माणूस थकून जिथे थांबतो, तिथे मंजिल. दूर म्हणजे किती, हे ठरवायला तेव्हा शरीर हीच मोजपट्टी होती.

या मोजपट्टीचे एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या मातीत आहे. १३२५ साली हजच्या इराद्याने टँजियरहून निघालेला इब्न बतूता पुढे हिंदुस्थानात आला आणि महंमद तुघलकाच्या दरबारी राहिला. त्याने दिल्ली ते दौलताबाद हे अंतर चाळीस दिवसांचे सांगितले आहे. आजच्या रस्त्याने ते अकराशे-बाराशे किलोमीटर भरते. चाळीसने भागा, रोजचे २८ ते ३० किलोमीटर येतात. माणसांचा आणि लादलेल्या जनावरांचा काफिला दिवसभरात एवढेच जाऊ शकतो. सातशे वर्षांपूर्वीच्या मुसाफिराचा आकडा आपल्या गणिताशी किती नेमका जुळतो, पाहा.

पण इब्न बतूता नुसते दिवस सांगून थांबत नाही. त्या वाटेच्या दुतर्फा झाडे होती, टपालाच्या चौक्या होत्या आणि त्या ठिकाणी मुसाफिराला लागेल ते मिळत असे, असे त्याचे वर्णन आहे. चाळीस दिवसांचा रस्ता म्हणजे चाळीस मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाला पाणी भरणारा, भाकरी भाजणारा, जनावराला चारा घालणारा कुणीतरी हवाच. पुढे शेरशाह सूरीने सडकेवर दर दोन कोसांवर सराया बांधल्याचे आपण इतिहासात वाचतो, त्यामागेही हीच गरज होती. अंतर होते म्हणून सराई होती, सराई होती म्हणून भोवती बाजार बसला, आणि अशा कित्येक बाजारांची पुढे गावे झाली.

मग खेळ बनवणारे लोक खरी अंतरे का ठेवत नाहीत? एकदा तसा प्रयत्न झालेला आहे, आणि तोही याच कंपनीकडून. १९९६ सालच्या त्यांच्या ‘डॅगरफॉल’ या खेळाचा मुलूख सुमारे १,६१,००० चौरस किलोमीटरचा सांगितला जातो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्म्याहून थोडा मोठा महाराष्ट्रच त्यांनी संगणकात उभा केला! शहरे, खेडी आणि भुयारे मिळून ठिकाणे पंधरा हजारांच्या घरात. एवढी गावे हाताने कोण बांधणार? ती संगणकानेच नियमांवरून रचली. परिणाम असा की एक गाव पाहिले की शंभर पाहिल्यासारखे वाटते. तीच घरे, तीच दुकाने, आणि दोन गावांच्या मध्ये कित्येक मैल मोकळे रान, ज्यात ना विहीर, ना वाटसरू. खेळणारे नकाशावर नाव निवडत आणि थेट पोहोचत. चालण्यासाठी एवढा विस्तार घातला आणि चालले कुणीच नाही.

याउलट २००२ सालचा ‘मॉरोविंड’ घ्या. हे बेट स्कायरिमपेक्षाही लहान आहे. पण जुन्या खेळाडूंना विचारा, ते म्हणतील की मॉरोविंड फार मोठे होते. असे का वाटावे? एक तर तिथला माणूस सुरुवातीला अगदी हळू चालतो. शिवाय धुक्यामुळे लांबचे दिसत नाही, त्यामुळे पुढची टेकडी जवळ असूनही अनोळखी राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे, नकाशावर बाण दाखवून तुम्हाला कुणी नेत नाही. गावकऱ्याला विचारावे लागते. तो सांगतो, अमुक पुलापाशी डावीकडे वळा, दोन खडकांच्या मधून जा. ते लक्षात ठेवावे लागते, चुकले तर परत फिरावे लागते. दूर जायचे तर ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाच्या अवाढव्य किड्याच्या पाठीवर बसून भाडे मोजावे लागते. तेही ठरावीक गावांनाच जातात, मधेच कुठे उतरवत नाहीत. आपल्या एसटी स्टँडवर वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था लगेच उमगेल. एक गाडी इथवर, पुढे दुसरी, आणि शेवटचे दोन मैल पायी.

जपानच्या निन्तेन्दो कंपनीने २०१७ साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा खेळ काढला, तेव्हा हा अंतराचा प्रश्न त्यांनी अगदी घरगुती पद्धतीने सोडवला. कंपनीचे कार्यालय क्योटो शहरात आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी क्योटोचा नकाशा घेतला आणि खेळाच्या नकाशावर ठेवून पाहिला. अमुक देवळापासून तमुक ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते, त्यावरून खेळातली अंतरे जोखली. भोवतीच्या टेकड्या मुद्दाम त्रिकोणी ठेवल्या. समोर डोंगर आला की माणूस विचार करतो, वर चढू की वळसा घालू? आणि डोंगरामागचे काहीतरी तोवर झाकलेले राहते. या खेळातला दिवस अवघ्या २४ मिनिटांचा आहे, तरी दऱ्या-टेकड्या ओलांडताना वाट लांबल्यासारखी वाटते, कारण प्रत्येक चढावर काहीतरी ठरवावे लागते.

आपल्या दास्तानगोंपुढे ही अडचण नव्हती. लखनौच्या नवल किशोर प्रेसने ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ ४६ खंडांत छापली. तीत मुलूखच्या मुलूख ओलांडले जातात, तिलिस्मच्या नगरींत लश्करे उतरतात. दास्तानगोने एका वाक्यात महिनाभराची कूच संपवली तरी ऐकणाऱ्याची तक्रार नसे, कारण वाट त्याच्या मनात तयार होत होती. खेळात मात्र पावलाखाली खरोखर जमीन लागते. शब्दाने महिना ओलांडता येतो, पायाने येत नाही. म्हणून खेळ बनवणारा जमीन आखडतो, घड्याळ पळवतो, धुके पसरतो, डोंगर आडवा घालतो. ही कारागिरी आहे आणि तिचे कौतुक करायला हरकत नाही.

काळजीची गोष्ट दुसरी आहे. आजच्या बहुतेक खेळांत नकाशावर बोट ठेवले की क्षणात पोहोचण्याची सोय असते. ती वापरली की मधला मुलूख पुसला जातो आणि त्याबरोबर मधली माणसेही. आयव्हरस्टेड गावात क्लिमेक नावाचा एक गावकरी आहे. शिखरावरच्या मठात राहणाऱ्या वृद्धांसाठी तो नेहमी शिधा पोहोचवतो. आता त्याचे पाय थकले आहेत, म्हणून वर जाणाऱ्याला तो विनवतो की एवढी पिशवी घेऊन जा. साऱ्या खेळात ही गोष्ट अगदी छोटी, पण डोंगराची खरी उंची तिच्यातूनच कळते. वर राहणाऱ्यांना खालून कुणीतरी अन्न नेऊन द्यावे लागते, आणि नेणारा थकतो. पायऱ्या सात हजार आहेत की सातशे, हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

हे ओळखून बनवलेले खेळही आहेत. २०१९ च्या ‘आउटवर्ड’मध्ये क्षणात पोहोचण्याची सोयच ठेवलेली नाही. पाठीवरच्या पिशवीला वजन आहे, तहान आहे, थंडी आहे. निघण्याआधी पाणी भरून घ्यावे लागते आणि पडशी हलकी करावी लागते. आपले आजोबा बैलगाडीने उरुसाला किंवा लेकीच्या सासरी जाताना हेच करत असत.

म्हणून घरातील मोठ्यांना एक सुचवावेसे वाटते. मूल खेळत असेल तेव्हा एखाद्या दिवशी शेजारी बसा आणि विचारा, ‘हे शहर त्या शहरापासून किती दूर? चालत गेलास तर वाटेत काय लागते? रात्र झाली तर थांबायचे कुठे?’ त्याला नकाशावर बोट न ठेवता एकदा पायी जायला सांगा. मुले हे आनंदाने दाखवतात, कारण त्यांच्या मुलखाविषयी त्यांना कुणी काही विचारलेलेच नसते. मग सुटीत गावी जाताना तोच प्रश्न एसटीच्या खिडकीशी विचारा. औरंगाबादहून दौलताबाद अर्ध्या तासात येईल. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून मुलाला सांगा की दिल्लीहून इथवर यायला चाळीस दिवस लागत. तो बहुधा विचारेल, ‘मग एवढे दिवस ते खात काय होते?’