शेफील्डच्या पळवाटा

शेफील्डचं नाव काढलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना चाकू-सुऱ्या आठवतात. ते बरोबरच आहे. पोलाद आणि काटे-चमच्यांवरच हे शहर मोठं झालं. पण शहराचा नकाशा उघडून पाहिलात तर पश्चिमेकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसता हिरवा-तपकिरी दिसेल. शहराच्या हद्दीतला हा तुकडा पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात मोडतो. ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 सालचं. त्यामुळे इथे राहणाऱ्याला घरातून पळत निघून, गाडीत न बसता, ओढा, जंगल, तलाव आणि उघडं पठार असं सगळं गाठता येतं. पायांत तेवढा दम हवा. शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि ‘जरासा चढ आहे’ असं इथला माणूस म्हणाला की आपण सिंहगडाची तयारी ठेवावी.

माझी नेहमीची वाट एंडक्लिफ पार्कमधून सुरू होते. शनिवारी सकाळी नऊ वाजता तिथे पार्करन असतो. पाच किलोमीटर, फुकट, हौशी लोकांनी चालवलेला. साठी ओलांडलेल्या बायका गप्पा मारत मारत माझ्या पुढे निघून जातात आणि वर ‘ऑल राइट, लव्ह?’ अशी विचारपूसही करतात. बागेच्या पुढे पोर्टर नावाच्या ओढ्याच्या काठाकाठाने झाडीतून वर जायचं. ओढ्यावर लहान लहान तळी लागतात. ती शोभेसाठी केलेली नाहीत. पाणी अडवून पाणचक्क्या चालवायच्या आणि त्यांवर पात्यांना धार लावायची, हा इथला जुना धंदा. त्यातली शेफर्ड व्हील ही एक चक्की दुरुस्त करून ठेवली आहे, तिचं लाकडी चाक अजून फिरतं. धार लावणारे कामगार दगडाची धूळ छातीत जाऊन ऐन तारुण्यात मरायचे. आता त्याच तळ्यांत बदकं असतात आणि बाकावर कॉफी पिणारी मंडळी.

पोर्टरची दरी संपली की झाडं एकदम थांबतात. पुढे इथले लोक ज्याला ‘मूर’ म्हणतात ते पठार. कासचं पठार पाहिलेल्याला त्याची थोडी कल्पना येईल, पण फक्त ऑगस्टमध्ये, हेदरची झुडपं जांभळी होतात तेव्हा. एरवी सगळा मामला तपकिरी. खाली पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात राहून पूर्ण न कुजलेल्या शेवाळ-गवताची काळी माती. वरून ती घट्ट वाटते, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. बूट ओढून काढताना जो आवाज येतो तो छापण्यासारखा नाही. ग्राउझ पक्षी पायाखालून फडफडत उठतो आणि ‘गो बॅक, गो बॅक’ असं स्पष्ट इंग्रजीत ओरडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी भलतीच करमणूक झाली. परदेशात राहणाऱ्याला हे वाक्य माणसांकडून ऐकण्यापेक्षा पक्ष्याकडून ऐकलेलं बरं.

या पक्ष्यापायीच हे पठार शंभर वर्षांपूर्वी सामान्य माणसाला बंद होतं. एकेकाळची गावाची सामायिक चराऊ जमीन कायदे करून कुंपणात घेतली गेली. ती बड्या जमीनदारांकडे गेली आणि बारा ऑगस्टपासून शिकारीचा मोसम म्हणून राखणदार काठ्या घेऊन उभे राहिले. खाली शेफील्ड आणि मँचेस्टरमध्ये आठवडाभर धूर खाणारा कामगार रविवारी वर आला की त्याला हाकलून लावायचे. 24 एप्रिल 1932 रोजी काही शे तरुण ठरवून किंडर स्काउटच्या पठारावर घुसले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. शिक्षा एवढी कडक होती की आधी या ‘घुसखोरी’ला नाकं मुरडणारे लोकही चिडले. मोकळ्या डोंगरावर पायी फिरण्याचा हक्क देणारा कायदा व्हायला मात्र 2000 साल उजाडलं. 2002 मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, डेव्हनशरच्या ड्यूकनी, त्या पठाराचे तेव्हाचे मालक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. सरंजामदार माफी मागतो हे पाहायलाही माणसाला चिकाटी लागते.

शेफील्डची स्वतःची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त आवडते. एथेल हेथॉर्नथ्वेट ही इथल्या सधन घरातली बाई. पहिल्या महायुद्धात नवरा गेला, ती खचली, आणि घरच्यांनी तिला या पठारांवर चालायला बाहेर काढलं. त्यातून ती सावरली, आणि मग शहर पठारावर चढू नये म्हणून तिने उरलेलं आयुष्य घातलं. 1924 मध्ये संस्था काढली. पुढे लाँगशॉची जमीन विकायला निघाली तेव्हा लोकांकडून पैसे जमवले आणि ती नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात दिली. शहराभोवती हिरवा पट्टा राखण्यातही तिचा हात होता. पीक डिस्ट्रिक्टमधल्या पंचाण्णव माथ्यांच्या यादीला हल्ली ‘एथेल्स’ म्हणतात, आणि पळणारी मंडळी ते एकेक करून गाठत असतात. मी त्या मोजणीत नाही. माथा गाठल्यावर यादीत खूण करायची म्हणजे पुन्हा ऑफिसच झालं.

पेनाइन वे या लांब पल्ल्याच्या वाटेवर जिथे पीट फार दलदलीचं आहे तिथे दगडी फरशा टाकल्या आहेत. त्यातल्या पुष्कळशा लँकेशरच्या पाडलेल्या कापडगिरण्यांमधल्या. काहींवर यंत्रं बसवायची भोकं अजून दिसतात. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात याच गिरण्यांना वऱ्हाडातला कापूस लागत होता. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ आणि ‘उमरावती’ ही मालाची नावं होती. त्या भोकांत आता पावसाचं पाणी साचतं आणि मी त्यांवरून उड्या मारत जाते.

तलावांच्या वाटा दिसायला सगळ्यांत सुंदर, पण त्यातला एकही तलाव निसर्गाने केलेला नाही. सगळी धरणं, शहरांच्या तहानेसाठी बांधलेली. फेअरहोम्सहून निघून डर्वेंट आणि हाउडन या दोन जलाशयांना वळसा घातला की साधारण सोळा किलोमीटर होतात. काठाने पाइनची दाट राई, वाट सपाट, आणि शनिवार-रविवारी पश्चिमेकडचा रस्ता मोटारींना बंद. डर्वेंटच्या दगडी धरणाला दोन बुरूज आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या 617 स्क्वाड्रनच्या वैमानिकांनी इथे कमी उंचीवरून विमानं उडवण्याचा सराव केला होता. खालच्या बाजूला लेडीबोवर जलाशय. त्याच्या पाण्याखाली डर्वेंट आणि अ‍ॅशप्टन ही दोन गावं गेली. 1945 मध्ये राजाने येऊन उद्घाटन केलं. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर उभा ठेवला होता, 1947 साली तोही सुरुंग लावून पाडला. कडक उन्हाळ्यात पाणी आटलं की घरांच्या पायाचे दगड उघडे पडतात आणि लोक बघायला गर्दी करतात. मुळशी धरणात बुडालेल्या गावांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला त्या गर्दीत उभं राहायला बरं वाटत नाही.

दुसरी एक वाट पुणेकराला थांबवते. शहराच्या वायव्येला डेल डाइक धरण आहे. पहिलं धरण नुकतंच बांधून भरत आणलं होतं. 11 मार्च 1864 च्या वादळी रात्री बांध फुटला आणि खालच्या दरीतून शेफील्डपर्यंत पाणी आलं. निदान दोनशे चाळीस माणसं गेली. धरण नंतर पुन्हा बांधलं, जरा वरच्या अंगाला. जुना बांध होता तिथे झाडीत लहानसे दगड रोवलेत, त्यांवर फक्त चार अक्षरं : सी, एल, ओ, बी. जुन्या बांधाची मध्यरेषा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या पुण्याच्या घरात पानशेत धरण फुटलं ती 12 जुलै 1961 ही तारीख सांगताना आजी अजूनही पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते हाताने दाखवते. त्या दगडापाशी मी घड्याळ थांबवते. पळण्याचा वेग त्या दिवशी बिघडला तरी चालतो.

इथलं सगळंच गुडी-गुडी आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये मोकळेपणाने फिरायचा हक्क आहे तो जेमतेम आठ टक्के जमिनीवर. बरीचशी पठारं आजही शिकारीसाठी राखलेली आहेत आणि त्यासाठी हेदर जाळण्यावरून भांडणं चालू आहेत. तरी हक्काची पायवाट इथे नकाशावर छापलेली असते, शेताच्या मधून गेली तरी शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. पानशेतच्या रस्त्याला मी सुट्टीत पळायला जाते तेव्हा डावी-उजवीकडे तारेचं कुंपण, बंगल्यांच्या भिंती आणि रिसॉर्टची फाटकं. पाणी दिसतं, पण पाण्याकडे जायची वाट विचारावी लागते. पुण्यात पळणारे हजारोंनी वाढलेत. मॅरेथॉनच्या टी-शर्टाइतकीच चर्चा या वाटांची केली तर बरं होईल.

आणि इकडे आलात तर शेफील्डहून होप व्हॅलीची लोकल धरून ग्रिंडलफर्डला उतरा. पावणेसहा किलोमीटरचा टॉटली बोगदा संपला की लगेच स्टेशन. तिथून पॅडली गॉर्जमधल्या ओकच्या झाडीतून ओढ्याच्या काठाने चढायचं, वर लाँगशॉ, त्यापुढे बर्बेजचं उघडं पठार. बूट खाचांच्या तळव्याचे घ्या, ऊन असलं तरी पावसाचं जाकीट कमरेला बांधा, फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच पाहून ठेवा.