नळीचं तोंड कुणाकडे?

काय काम करतेस, असं नातेवाइकांनी विचारलं की मी "वेबसाइटसाठी लिहिते" एवढंच सांगते. आईला मात्र एकदा खरं सांगावं लागलं. जेवता जेवता मी फोनवर कुणाला तरी म्हणत होते, "सहा इंची नळीला हे बसणार नाही, पोटरीत जाईल तळ."

"कसली नळी?" आईने विचारलं.

"रिव्हॉल्व्हरची."

आईचा वाढायचा हात तसाच राहिला. "बी.ए. इंग्लिश करून हे?"

तर हे असं आहे. आमच्या कंपनीला कानपूरच्या एका निर्यातदाराचं काम मिळालं. तो अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना चामड्याची होल्स्टर विकतो, म्हणजे कमरेला किंवा अंगावर रिव्हॉल्व्हर अडकवायची म्यानं. त्यांचं वर्णन लिहायचं आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं तयार करायची, हे माझ्याकडे आलं. त्यातही मोठ्या रिव्हॉल्व्हरची होल्स्टर.

मोठं म्हणजे किती? आपल्याकडे कानपूरच्याच सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचं छोटं रिव्हॉल्व्हर आणलं होतं, खास स्त्रियांसाठी म्हणून. त्याचं वजन अर्धा किलो. अमेरिकेतलं .४४ मॅग्नम भरलेलं असलं की दीड किलोच्या आसपास जातं. पाण्याची दीड लिटरची बाटली दिवसभर कमरेला लटकवून चाला, म्हणजे अंदाज येईल.

मला बंदूक आवडत नाही. काम घेताना मी तसं सांगितलंही. पण कानपूरला जाऊन आले आणि एक गोष्ट लक्षात आली. बंदूक विकणं आणि बंदूक झाकणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याच्याकडे ती आधीच आहे, त्याच्या बायकामुलांशी माझं काही भांडण नाही.

सिनेमातलं आणि खरं

पहिल्या आठवड्यात मला शब्दांची यादी मिळाली: 'विजेसारखं वेगवान', 'डोळ्याचं पातं लवायच्या आत'. यादी करणाऱ्याचाही दोष नाही. होल्स्टर म्हटलं की सगळ्यांना धुळीचा रस्ता, समोरासमोर दोन माणसं आणि मांडीवर लोंबणारा पट्टाच आठवतो.

ते होल्स्टर मुळात कॅमेऱ्यासाठी घडलेलं. १९५० च्या दशकात हॉलिवूडमध्ये आर्वो ओयाला नावाच्या कारागिराने आतून धातूचा पत्रा लावलेलं होल्स्टर केलं. चामडं चक्रीला आवळत नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हर झटकन निघतं. 'गनस्मोक' या गाजलेल्या मालिकेच्या सुरुवातीला नायकासमोर उभा राहून हरणारा माणूस म्हणजे हाच ओयाला. त्या बंदुकांत खरी गोळी नसायची, हे आपण विसरतो.

खऱ्या आयुष्यात मोठ्या रिव्हॉल्व्हरचा प्रश्न वेगाचा नव्हताच, वजनाचा होता. १८४७ चं कोल्ट वॉकर दोन किलोंच्या वर होतं. ते कमरेला कोण लावणार? ते घोड्याच्या खोगिराला, पुढच्या बाजूला टांगलेल्या चामडी म्यानात ठेवत. लष्करातल्या होल्स्टरवर तर जाड झाकण असायचं. आपले पोलीस अधिकारी अजूनही कुठे कुठे तसं झाकणाचं होल्स्टर लावतात आणि शस्त्राला दोरी बांधलेली असते. ते पडू नये, कुणी हिसकावू नये, पावसात भिजू नये, ही चिंता आधी. बाहेर काढायची घाई नंतर.

मी यादीतले शब्द बाजूला ठेवले आणि आमच्या टीम लीडरला विचारलं, "आपण गिऱ्हाइकाला काय विचारतो? रिव्हॉल्व्हर कोणतं, एवढंच. तो दिवसभर काय करतो, हे कोण विचारणार?"

अलास्काचा एक आजोबा

त्याच सुमारास एक प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ अलास्कात राहतात, वय ६८, डावखुरे. उन्हाळ्यात नदीवर साल्मन मासे धरायला जातात. मासे असतात तिथे तपकिरी अस्वलंही येतात, म्हणून जवळ चार इंची नळीचं .४४ मॅग्नम. या वर्षी आठ वर्षांचा नातू बरोबर येणार होता. कोणतं होल्स्टर घेऊ?

उत्तर लिहायला मला तीन दिवस लागले. कारण एकेक पर्याय कागदावर मांडून बघितला, तेव्हा प्रत्येक वेळी तोच प्रश्न पुढे आला: दिवसभर या नळीचं तोंड कुणाकडे राहणार?

कमरेला, हाताच्या बाजूने लावायचं होल्स्टर सगळ्यात साधं. नळी सरळ जमिनीकडे. पण मासे धरणारा माणूस छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार घालतो आणि पाठीवरच्या पिशवीचा पट्टा नेमका कमरेवरच बांधतो. होल्स्टर त्याच्याखाली दबतं. शिवाय कमरेएवढ्या पाण्यात उतरलं की शस्त्र पाण्यात.

पोटाच्या पुढे, विरुद्ध बाजूला लावायचं आडवं होल्स्टर गाडी चालवणाऱ्याला सोयीचं. पण ते उपसताना नळी शेजारच्या माणसावरून फिरते. शेजारी नातू बसलेला असेल तर?

खांद्यावरचं होल्स्टर लोकांना १९७१ च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटामुळे माहीत झालं. दिसतं रुबाबदार. पण त्यातल्या काही प्रकारांत शस्त्र काखेत आडवं राहतं, म्हणजे नळी मागे. अरुंद पायवाटेवर मागून कोण चालत असतं? तोच आठ वर्षांचा मुलगा.

उरलं छातीवरचं. अलास्कात मासेमारी करणारे हेच जास्त वापरतात. चामड्याचं होल्स्टर छातीवर तिरकं, एक पट्टा खांद्यावरून आणि एक पाठीमागून. पाण्याच्या वर राहतं, पिशवीच्या पट्ट्यात अडकत नाही आणि स्वतःच्या नजरेसमोर असतं. तेही निर्दोष नाही. खाली बसलं की तिरकी नळी स्वतःच्याच मांडीकडे येते. पण ती दुसऱ्याकडे येण्यापेक्षा बरी. डावखुऱ्या माणसाला मात्र ते आरशातल्यासारखं उलटं शिवून घ्यावं लागतं. उजव्या हाताचं घेऊन चालवून नेतो म्हटलं तर हात मुरगाळून काढावं लागेल.

चामडं ओळखायचं कसं

कानपूरला चामड्याचा इतिहास मोठा. १८६० च्या दशकात इंग्रजांनी तिथे लष्करासाठी खोगिरं आणि लगाम बनवायचा कारखाना काढला. आज कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे. निर्यातदाराच्या कारखान्यात एका वयस्कर कारागिराजवळ मी दोन दिवस बसले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणाले.

त्यांनी दोन तुकडे हातात दिले. एक मऊ, गुळगुळीत, दाबला की दबणारा. दुसरा कडक, थोडा खरखरीत. "कोणता घेशील?"

मी कडक उचलला. चाचा हसले. "कसं ओळखलं?"

ओळखायला काय, आमच्या इंदूरच्या घरात दारात बाबांच्या कोल्हापुरी वहाणा असतात. कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात. नवी वहाण चावते, कुरकुरते, मग हळूहळू त्याच पायाची होऊन बसते. दुसऱ्याने घातली तर त्याला लागते. चांगल्या होल्स्टरचं चामडंही असंच झाडपाल्याने कमावलेलं लागतं. त्याला काही आठवडे जातात. क्रोमने कमावलेलं चामडं लवकर तयार होतं, बॅगा-जॅकेटना छान, पण ते मऊ राहतं आणि त्यातले क्षार पोलादावर डाग पाडू शकतात.

झाडपाल्याच्या चामड्याची खरी करामत ओली असते. चाचा शिवलेलं होल्स्टर पाण्यात बुडवतात, आत रिव्हॉल्व्हरची प्लास्टिकची हुबेहूब प्रतिकृती घालतात आणि बोटांनी, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत चक्रीचा फुगवटा उठवतात. वाळलं की चामडं तो आकार विसरत नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री हाच त्याचा सगळ्यात रुंद भाग. तिथे होल्स्टर नीट बसलं तर धावलं-वाकलं तरी शस्त्र हलत नाही.

जाडीचं माप अमेरिकेत औंसात सांगतात, याची मला फार गंमत वाटली. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. मोठ्या रिव्हॉल्व्हरला आठ ते दहा औंसांचं, म्हणजे तीन ते चार मिलिमीटर जाडीचं चामडं हवं. शिवण एका दोऱ्याची पण दोन सुयांची, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी ओढलेली. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. आमच्या यंत्रावरच्या शिवणीचा एक दोरा ओढला की ओळच उसवते, हे चाचांनी मला जुन्या पिशवीवर करून दाखवलं.

वर टिचबटणाची चामडी पट्टी असते. ती घोड्याच्या मागून येते आणि शस्त्र बाहेर पडू देत नाही. कमरेच्या होल्स्टरला पट्टाही तसाच कडक, साधारण दीड इंच रुंद लागतो. शर्ट-पँटच्या नाजूक पट्ट्यावर दीड किलो लटकवलं तर होल्स्टर बाहेर झुकतं आणि संध्याकाळी कंबर बोलते.

या सगळ्यात एक गोष्ट मी चाचांना तीनदा विचारली. चाप, म्हणजे ज्याला आपण ट्रिगर म्हणतो, तो पूर्ण झाकलेला हवा ना? ते म्हणाले, "बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या आवडीचं. हे नाही." म्हणूनच जुनं, लुळं पडलेलं होल्स्टर आठवण म्हणून भिंतीवर टांगावं, वापरू नये. मऊ चामड्याची घडी आत शिरून चाप दाबू शकते.

घरी आल्यावर

चामडं ओलावा धरतं. त्यामुळे रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्येच महिनोन्‌महिने ठेवलं की गंजतं. हे तांत्रिक कारण झालं. खरं कारण वेगळं आहे. होल्स्टर म्हणजे कुलूप नव्हे. टिचबटण आठ वर्षांचं मूलही उघडतं.

२०२४ च्या १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्या पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. घर, कपाट, पहाटेची घाई. अस्वल नव्हतं, शत्रू नव्हता.

मी उत्तर लिहिलं. छातीवरचं होल्स्टर घ्या, डाव्या हाताचं. नवं असताना घट्ट लागेल. शस्त्र रिकामं करून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, बेताचं सैल होईल. सवय करायची ती रिकाम्या शस्त्राने, नातू जवळ नसताना. नदीवरून आलात की गोळ्या काढून शस्त्र कुलपात, होल्स्टर वाऱ्यावर सुकत. आणि अस्वलासाठी मिरचीचा फवाराही जवळ ठेवा. यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानातही पर्यटकांना तेच सांगतात.

आमच्या टीम लीडरने वाचलं. "आपण फवारा विकत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

त्यांनी थोडा विचार केला आणि उत्तर जसंच्या तसं पाठवलं. पुढे तेच मुद्दे आम्ही सगळ्या वर्णनांखाली घातले. सगळ्यात वर एक ओळ आहे: माप घेण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे का पाहा, मग पुन्हा पाहा. 'विजेसारखं वेगवान' आता कुठेच नाही.

चार दिवसांनी त्या गृहस्थांची ऑर्डर आली. छातीवरचं, डावखुरं. फवारा पूर्वीपासून वापरतो, असं त्यांनी कळवलं होतं. खाली एक प्रश्न होता: आठ वर्षांच्या मुलाच्या कमरेला बसेल असा साधा पट्टा मिळेल का? नातवाला शिट्टी आणि टॉर्च अडकवायला हवा आहे.

तसा पट्टा आमच्या यादीत नव्हता. चाचांनी होल्स्टरच्या उरलेल्या चामड्यातून कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि चार भोकं जास्तीची पाडली. मूल वाढतं ना, म्हणाले.