पाच पांढरी अंडी

दिवाळ्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात थर्माकोलचा एक खोका आहे. मूळचा मासळीचा. जेट्टीवरून आणला, धुऊन तीन दिवस उन्हात ठेवला, तरी हिच्या मते वास गेलेला नाही. आत बल्ब, थर्मोस्टॅट, जाळी आणि पाण्याची वाटी. यात आम्ही जपानी लाव्याची, म्हणजे बटेरची, अंडी उबवतो. मन्न-सल्वातला सल्वा म्हणजे हेच पाखरू, असं आमच्या अम्मी सांगायच्या.

हा पाळीव लावा 1974 साली कॅलिफोर्नियातून भारतात आला. अंडी भरपूर देतो. पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून मादी खुडूक बसायचंच विसरली. म्हणून खोका. साडेसदतीस अंश ऊब, चौदा दिवस रोज तीन-चार वेळा अंडी फिरवायची. मग हात लावायचा नाही, फक्त ओलावा वाढवायचा. सतराव्या-अठराव्या दिवशी कवच तडकतं. पिल्लू अंगठ्याएवढं. पाण्याच्या वाटीत बुडू नये म्हणून खडे टाकावे लागतात. पहिल्या खेपेला आम्हाला हे माहीत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा सातवीतला मुलगा रुमालात पाच अंडी घेऊन आला. "सर, लाव्याचीच आहेत. तुमच्यात ठेवा ना." आमची अंडी तपकिरी ठिपक्यांची, ही दुधाळ, एकही ठिपका नाही. बेलापूरच्या टेकडीवर गवतात सापडलेली, रानलाव्याची.

खरं सांगतो, मोह झाला. दुसऱ्या जातीचा लावा आयता घरी! अंधे के हाथ बटेर. मोबाइलचा उजेड धरला तर आत लाल शिरा दिसल्या. म्हणजे कितवा दिवस? खोक्याचा सगळा हिशेब दिवसांवर चालतो.

हिने विचारलं, "उचललीस तेव्हा गरम होती का रे?"

"होती काकी. एक पाखरू भुर्रकन उडालं."

1972 च्या वन्यजीव कायद्याने रानपाखरांची अंडी उचलणं गुन्हा आहे, हे वर्गात आम्हीच शिकवतो. त्या क्षणी मात्र कायदा आठवला नाही, ते उडालेलं पाखरू आठवलं.

अस्रची नमाज झाली होती. अंडी कापसात ठेवून रिक्षाने निघालो. जागा सापडेना, गवत सगळीकडे सारखंच. मुलगा रडकुंडीला आला. अखेर त्याच्या खुणेचा दगड दिसला. खळग्यात अंडी ठेवून दूर जाऊन बसलो. मगरिबपर्यंत काही आलं नाही.

सकाळी शाळेआधी पुन्हा गेलो. लांबून खळग्यात काहीतरी तपकिरी दिसत होतं. पाखरू की वाळकं गवत, आम्हाला सांगता येईना. एक पाऊल पुढे टाकलं, तर मुलाने हात धरून मागे ओढलं.

"सर, नका ना. ती बसलीय."

आम्ही परतलो. घरी खोक्यातली अंडी फिरवायची वेळ झाली होती.