संजीवनी
नांदेडच्या माणसाने पुण्याच्या संघासाठी जीव पाखडावा, हे लातूरच्या आमच्या मेव्हण्यांना कधी मानवले नाही. "त्यात मराठवाड्याचे गडी किती?" हा त्यांचा रोकडा सवाल. मात्र १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा पेढे आले ते त्यांच्याकडूनच!

पुढल्या हंगामात दैव फिरले. कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघा दुखावला आणि पलटणला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाही. दुःखावर डागणी अशी की, २९ डिसेंबर २०२४ चा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला व्हायचा होता. अंगण आपले, कार्य परक्यांचे! पाटणा पायरेट्सवर ३२–२३ अशी मात करून चषक नेला तोही त्याच हरियाणाने. या खेपेस लातूरहून काहीच आले नाही.

कबड्डीच्या जुन्या 'गामिनी' प्रकारात मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. आज 'संजीवनी' चालते. प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो. दुखावलेल्या गुडघ्याला मात्र अजून गामिनीचाच कायदा. पण बाद झालेला गडी रेषेबाहेर बसला, तरी संघ सोडून जात नाही. त्याच्याशेजारी बसण्यास गावाचा दाखला कशाला हवा? पलटणच्या विजयात माझा वाटा नव्हता. पराभवातला वाटा मात्र मी कोणाला देणार नाही.