रेडकानं गूळ कधी खाल्ला?

आमच्या सासूबाईंच्या मते जंत गोडानं होतात. माझी मुलगी गुळाच्या ढेपेकडे वळली की, "बास, जंत हुतील!" हे ठरलेलं. त्या पावसाळ्यात मात्र जंत झाले ते जेमतेम महिन्याच्या रेडकाला. त्यानं कुठला गूळ खाल्ला होता?

शेण पांढुरकं, पातळ. वास असा की गोठ्यात उभं राहवेना. पोट टम्म, बरगड्या वर आलेल्या, केस उभे. दूध बाधलं म्हणून सासूबाईंनी पाजणं कमी केलं, तसं ते आणखीच खंगलं. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली, वजनाचा अंदाज घेतला आणि पायपरेझिन पाजलं. दुसऱ्या दिवशी शेणात वीतभर लांबीचे पांढरट जंत पडले.

"हे म्हशीकडनंच आलंय," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना ते झोंबलं. म्हैस धडधाकट होती. पण खुबी तिथंच आहे. चाऱ्याबरोबर पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या म्हशीच्या अंगात निपचित पडून राहतात. वेताच्या सुमारास त्या जाग्या होऊन कासेत उतरतात आणि दुधातून रेडकात जातात. तीनेक आठवड्यांत जंत मोठे होतात, रेडकाच्या शेणातून अंडी पडतात, ओल्या मातीत टिकतात आणि पुन्हा चाऱ्यावाटे म्हशीत.

"मग चीक पाजायचाच न्हाई का?"

"पाजायचाच, मावशी! चिकाशिवाय रेडकू तगणार नाही. दहाव्या ते सोळाव्या दिवसात औषध द्या, शेण दिसायची वाट बघू नका."

माणसाच्या गोलकृमीचा मार्ग वेगळा. त्याची अंडी मातीतून, नखांतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून पोटात जातात. अळी आतड्यातून यकृतात, तिथून फुप्फुसात, मग श्वासनलिकेतून घशाशी येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, देव जाणे! मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. म्हणून तर 10 फेब्रुवारीला अंगणवाडीत अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी.

रेडकाचं शेण आम्ही आता वैरणीच्या तुकड्यात टाकत नाही, खड्ड्यात कुजवतो. परवा शेजारची म्हैस व्याली. खरवसाची वाटी घेऊन आलेल्या काकूंना सासूबाईंनी दारातच विचारलं, "धाव्या दिवसाचं औषध आणलंस का?" खरवस मग घेतला.