चिंचलीच्या वाटेवरचं गाणं

माघात भारत पुनव जवळ आली की निपाणी-चिकोडी रस्त्यानं चिंचलीच्या मायाक्का देवीला निघालेल्या बैलगाड्या आजही दिसतात. चाकांना आता रबरी टायर आलेत. माझी आजी याच वाटेनं लाकडी चाकांच्या, तट्ट्या घातलेल्या गाडीतून जायची आणि त्या प्रवासाचं एक गाणं म्हणायची. भावानं पहाटे गाडी जुंपलेली, बैलांच्या गळ्यात घुंगूरमाळा, मग एकेक गाव मागं टाकत जाणं. आजी गेली आणि घरात त्यातल्या मोजक्याच ओव्या उरल्या. चिकोडी येते आणि गाणं तिथंच थांबतं. पुढचं मिळालंच पाहिजे, असं मी मनावर घेतलं.

आधी पुस्तकं धुंडाळली. साने गुरुजींचं 'स्त्री जीवन' पाहिलं, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेले संग्रह पाहिले. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या आता 'पारी' या संकेतस्थळामुळे घरबसल्या ऐकायला मिळतात, त्याही ऐकत बसलो. गाडीवान भाऊ भेटला, माहेरची वाट भेटली. चिंचलीची वाट काही हाती लागली नाही. बेळगावच्या 1884 च्या गॅझेटिअरमध्ये निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जाणारा पुणे-हरिहर रस्ता आहे, पण त्या काळी गाड्यांत बसलेल्या बायांचा आवाज त्यात नाही. तो माणसांकडूनच मिळवायचा होता.

निपाणीत विड्या वळणाऱ्या एक मावशी आजीच्या बरोबरीच्या. त्यांना म्हटलं, "मावशी, चिंचलीचं गाणं सांगा की." त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं, एक ओळ आली, पुढची अडली. "असं सांगायला येत न्हाई बाळा. म्हणायला येतंय." म्हणून त्यांनी सूप मांडीवर ओढलं. कात्रीनं पान कापायचं, चिमूट तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. पाच-सहा विड्या झाल्या असतील, तेवढ्यात गळा आपोआप सुरू झाला. एका विडीला एक ओवी, असा मेळ जमला. हात थांबला की गाणं थांबे. मी मध्ये काही विचारायचं सोडून दिलं आणि नुसता लिहीत राहिलो.

त्यांच्या ओव्यांत आजीच्या भावाचं नाव नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या भावाचं होतं. बैलही त्यांच्या दावणीचे. आख कुरकुरतो म्हणून वंगण घालायला गाडी थांबते, ती ओवी आमच्या घरी कुणालाच ठाऊक नव्हती. मला ती सगळ्यांत मोलाची वाटली. गाडी ज्यांनी खरोखर हाकली, त्यांच्या घरातच असली ओवी जन्मते. चिकोडी आली आणि मावशीही थांबल्या.

पुढचं सापडलं ते रायबागकडच्या एका अज्जींकडे. त्या कानडी. मोडकं मराठी बोलतात, तसंच माझं कानडी. मी आजीची चाल नुसती गुणगुणली आणि त्यांनी पुढं उचलली ती कानडीतून. चाल तीच, गाडी तीच, मायाक्काही तीच. चिकोडीच्या पुढची गावं, देवळाचं शिखर लांबून दिसणं, भंडारा उधळणं, सगळं त्यात होतं. त्यांच्या नातसुनेनं मला अर्थ सांगितला, तेव्हा अंगावर काटा आला.

वाटेत गाड्या एकाला एक लागून चालायच्या. निपाणीकडच्या बाया आपल्या गावांच्या ओव्या म्हणायच्या, पुढं चिकोडी-रायबागकडच्या बाया मिळाल्या की त्या आपल्या बोलीत सूर धरायच्या. आमचं गाणं तुटलेलं नव्हतंच, मला तरी तसं वाटतं; ते दोन घरांत वाटलं गेलं होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्या पिढीला मराठी-कानडी म्हटलं की आधी भांडण आठवतं. आमचं दुखणं खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण या गाण्याचा अर्धा भाग कानडी अज्जींनी जपला, हेही तितकंच खरं आहे आणि ते लिहून ठेवलं पाहिजे.

वहीत मी दोन्ही भाग एकाखाली एक उतरवलेत, कानडी ओव्या देवनागरीत आणि शेजारी अर्थ. चिंचलीहून परतीच्या वाटेच्या ओव्याही असतात, असं अज्जी म्हणाल्या. त्या त्यांच्या धाकट्या बहिणीला येतात. ती कुडचीला असते. सुगी उरकली की मी तिकडं जाणार आहे.