रेड्याची समाधी आणि तटाखालची हाडं

आम्ही वारूळवाडीची माणसं. पुणे-नाशिक रस्त्याने नाशिककडे निघालो की आळेफाटा लागतो आणि तिथून जवळच, आळे गावात, रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा नेवाशाहून आळंदीकडे जाताना इथे गेला आणि त्यांनी त्याला समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. तिथे मंदिर आहे, यात्रा भरते. श्रद्धेशी आमचं भांडण नाही, आणि ती जागा उकरा अशी आमची मागणीही नाही. पण ही कथा ऐकताना आम्हाला वेदांपेक्षा तो खड्डा जास्त विचारात पाडतो.

पुरातत्त्वात एखादं दफन 'वेगळं' ठरवायचं तर आधी त्या लोकांची रीत माहीत असावी लागते. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मोठ्या माणसाला पुरताना त्याची पावलं तोडत. आज कुणी ते सांगाडे पाहिले तर म्हणेल, गुन्हेगार असणार. पण तिथे तीच रीत होती. वेगळा निघाला तो चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, पावलं शाबूत असलेला माणूस. अभ्यासकांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. पोलंडमध्ये द्राव्स्को गावी सतराव्या-अठराव्या शतकातल्या काही सांगाड्यांच्या गळ्यावर विळे ठेवलेले सापडले. परके असतील म्हणून लोक घाबरले असतील, असा एक तर्क होता. दातांची रासायनिक तपासणी केली, तर ती माणसं तिथलीच निघाली.

मग आपल्याकडे मेलेल्या रेड्याची रीत काय होती? हे सांगायला शिलालेख लागत नाही, आमच्या आज्या-पणज्यांना ते पाठ होतं. ढोर मेलं की सांगावा महारवाड्यात. ओढून न्यायचं महारांनी, सोलायचं त्यांनीच, मांस वाटून घ्यायचं. हाडं गावाबाहेर. म्हणजे खणणाऱ्याला मिळणार ती विखुरलेली, सुरीचे व्रण असलेली हाडं. न सोललेला अख्खा रेडा एका खड्ड्यात नीट पुरलेला असेल, तर त्या काळचं ते खरोखर विलक्षण दफन म्हणायचं. आणि एवढं धूड ओढलं कुणी? खड्डा कुणी खणला? कथेत ते कुणी नाहीत. ज्यांच्या हातांना ढोर ओढायची सवय होती तेच असणार, असं आम्ही धरून चालतो. त्यांच्या वाट्याचं मांसही त्या दिवशी मातीत गेलं, पण ते पुण्य कुणी त्यांच्या नावावर मांडलं नाही.

बाबासाहेबांनी मार्च 1927 मध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. अस्पृश्यता कुठून आली याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ 1948 साली आला. त्यातही मेलेल्या गाईचं मांस हाच कळीचा मुद्दा आहे. तो ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

चोखोबांचं मरण रेड्याच्या शेजारी ठेवून पाहा. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना तट कोसळला आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून 'विठ्ठल' ऐकू आलं ती वेचून पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी केली, असं परंपरा सांगते. जिवंतपणी त्या दारातून त्यांना आत घेतलं नव्हतं. वेद म्हणणाऱ्या रेड्याच्या वाट्याला मात्र अपमान आला नाही.

आता समजा, एखाद्या जुन्या तटाच्या ढिगाऱ्यात असेच पाच-सहा सांगाडे मिळाले. दिशा नाही, सोबत भांडं नाही, हातपाय मोडलेले. एक अभ्यासक 'अपघात' लिहील. दुसरा पुरंदरच्या शेंदरी बुरुजाखाली जिवंत गाडलेल्या नाथनाक-देवकाईची आख्यायिका आठवून 'बळी' लिहील. दोघांनीही आधी मणके पाहावेत. ते ओझ्यांनी झिजलेले आहेत का? लहानपणी पोटभर मिळालं नाही याच्या रेषा दातांवर आहेत का? अपघात असला तरी त्या भिंतीखाली उभं कुणाला केलं होतं, हे तिथे कळू शकतं.

मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यातून एकाच्या अस्थी निघाल्या. बाकीच्यांची हाडं बहुधा त्याच मातीत राहिली आणि तट पुन्हा तिच्यावरच उभा राहिला असेल. कधी कुणाच्या कुदळीला ती लागलीच, तर पेटीवर 'अज्ञात' एवढंच लिहू नका. 'तटाच्या कामावर मेलेले मजूर' असं लिहा.